हात दाबला होता

खोलीच्या भिंतींना राखाडी स्पंज लावलेला होता. कुणी बोललं की शब्द तोंडातून निघून तिथल्या तिथं विरत. एक टेबल, दोन माइक, समोर मोठा पडदा आणि उजवीकडे काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. जुना सामना चॅनेल पुन्हा दाखवणार होतं. तो बघता बघता दोघींनी गप्पा मारायच्या आणि त्या गप्पा चित्रावर चढवायच्या, असं ठरलं होतं.

"अगदी सहज बोला," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "घरात बोलता तसं."

"आम्ही घरात बोलत नाही," विंचू म्हणाली.

विंचू आणि चिमणी ही रिंगमधली नावं. घरी त्या नणंद-भावजय. चिमणी लोकांची लाडकी. विंचू अशी खाष्ट की आया तिचं नाव सांगून पोरांना झोपवत. आणि पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून दोघींच्या मध्ये उभा होता तो चिमणीचा नवरा, विंचूचा थोरला भाऊ. त्याला सगळे पंचच म्हणत, घरीसुद्धा. आत्ता तो बाहेर सोफ्यावर बसला होता. त्याचं रेकॉर्डिंग यांच्यानंतर होतं.

दोघींनी मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडली होती. विंचूचे खांदे अजून दारात मावायचे नाहीत असे. हल्ली ती एका गोदामात मालाच्या चढउतारावर देखरेख करायची आणि वेळ आली तर स्वतःच पोतं उचलायची. चिमणी मात्र वाळली होती. तिचा उजवा हात मांडीवर होता, कोपर काटकोनात गोठलेलं. ते त्याहून उघडत नव्हतं आणि मिटतही नव्हतं. त्या हाताचा घास तोंडापर्यंत जात नसे, बोटं केसांपर्यंत पोचत नसत. मुलगी घरी होती तोवर ती आईची वेणी घालायची. मुलगी सासरी गेली तसे चिमणीनं केस कापून टाकले.

तो हात विंचूनं मोडला होता, याच सामन्यात. त्यानंतर दोघी एका छपराखाली राहिल्या नव्हत्या. आज चिमणी आली होती ती गप्पांसाठी नाही. तिला विंचूला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला समोर पुरावा हवा होता.

रिंगमध्ये सगळं आधी ठरलेलं असे. कोण जिंकणार, कोण आडवी होणार, कुठल्या पकडीनं. लोक 'नुरा कुस्ती' म्हणून नाक मुरडत आणि तिकीट काढून पहिल्या रांगेत बसत. पण ठरलेलं असलं तरी शरीर खरंच रिंगच्या लाकडी फळीवर आपटतं, गुरुत्वाकर्षणाला कुणी आधी कळवलेलं नसतं. म्हणून एक रीत होती. पकड घातली की समोरचीचा हात हळूच दाबायचा. ठीक आहेस? तिकडून उलट दाब आला की पुढं जायचं. आणि अडकलेलीनं भराभर दोनदा दाबलं, तर त्या क्षणी सोडायचं, मग खेळ मातीत गेला तरी चालेल. ही रीत मोडणारीला कुणी पुन्हा अंगाला हात लावू देत नसे.

त्या दिवशी चिमणीनं दोनदा दाबलं होतं. पुन्हा दोनदा. विंचूनं सोडलं नव्हतं. तिला ते कळलंच नव्हतं, की कळून तिनं सोडलं नव्हतं?

"नाद सोड तिचा," पंच इतकी वर्षं सांगत आला होता. "तुझ्याविषयी तिच्या मनात पहिल्यापासून अढी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

पडद्यावर घंटा वाजली.

वेणीविरुद्ध वेणी असा सामना होता. जी हरेल तिचं डोकं तिथंच रिंगमध्ये भादरायचं. हरायची होती विंचू. 'बरं झालं, उवा तरी जातील,' असं म्हणून तिनं हसत हसत कबूल केलं होतं.

"केवढी बारीक होते गं मी," पडद्याकडं बघत विंचू म्हणाली.

"बारीक? तुमच्या मांडीखाली माझी मान होती, वन्सं. मला विचारा."

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्यानं अंगठा वर केला. विंचूनं तोंड दुसरीकडं वळवलं, पण गाल हलला. पूर्वी असंच असायचं. घरात 'अहो वन्सं' आणि रिंगमध्ये 'अगं ए, मेलीस आज!'

पडद्यावरच्या दोघी घोटलेला धडा म्हणावा तशा लढत होत्या. विंचूनं चिमणीला कमरेतून उचलून फळीवर टाकलं. चिमणीनं दोराला झोकून उसळी घेतली आणि दोन्ही पाय विंचूच्या छातीवर दिले. धप्प आवाज आला. खरं तर त्यातला अर्धा आवाज फळीखाली लावलेल्या माइकचा होता. पण प्रेक्षक थंड होते. मागच्या रांगांतून माणसं उठून बाहेर चालली होती. दोरापाशी कुस्तीच्या कंपनीचा मालक आला, त्यानं पंचाला जवळ बोलावलं, काहीतरी बोलला आणि मूठ तळहातावर आपटून दाखवली.

मग पंच पडलेल्या चिमणीपाशी गुडघ्यावर बसला, दुखापत बघतो आहे असं दाखवत. तिथून उठून कोपऱ्यात वाकलेल्या विंचूकडं गेला.

त्यानंतर चिमणी उठली आणि तिनं विंचूच्या तोंडावर कोपर हाणलं.

आवाज वेगळा आला. फळीखालच्या माइकचा नव्हता तो. ओलं लाकूड मोडावं तसा होता. विंचूचं डोकं मागं गेलं, पुढं आलं, आणि हनुवटीवरून रक्ताची तार लोंबली. काहीतरी पांढरं फळीवर टणकन पडून घरंगळत गेलं.

"हेच ते!" रेकॉर्डिंगवाला ओरडला. "इथून खरा रंग भरला!"

विंचूनं जिभेनं पुढचा खोटा दात चाचपला. "रंग नव्हे, दात. हिनं पाडलेला."

"तुम्ही आधी मारलं म्हणून," चिमणी म्हणाली.

"मी? डोळे फुटले का तुझे? बघ की समोर!"

रेकॉर्डिंगवाल्यानं चित्र मागं घेतलं. चिमणीनं पुन्हा पाहिलं. विंचू कोपऱ्यात वाकलेली, हात खाली, पुढच्या ठरलेल्या फेकीची वाट बघत. आणि चिमणीचं कोपर. इतकी वर्षं तिच्या डोक्यात पहिला खरा घाव विंचूचा होता. डोक्यातलं चित्र तिनं वापरून वापरून झिजवलं होतं. हे झिजलेलं नव्हतं.

"का मारलंस गं?" विंचूनं विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकायला जड गेलं. "मी तर पडायलाच उभी होते."

"तुझा दादा म्हणाला म्हणून."

"काय म्हणाला?"

"आत्ता बसला होता ना वाकून, तेव्हा. हे बघून आठवलं. म्हणाला, ती आज पडणार नाही. तुझीच वेणी उतरवायची असं ठरवून आलीय. पहिला तडाखा तू दे, नाहीतर मेलीस."

विंचू काचेकडं वळून म्हणाली, "चालू राहू द्या."

पडद्यावर ठरलेलं काहीच उरलं नव्हतं. विंचूनं चिमणीची वेणी मनगटाला गुंडाळून तिचं कपाळ लोखंडी खांबावर आपटलं, मग पुन्हा. भुवई फाटली. चिमणीनं आंधळेपणानं गुडघा घातला तो विंचूच्या बरगडीत. बरगडी मोडल्याचं विंचूच्या श्वासावरून कळत होतं. छाती एकाच बाजूनं वर जात होती. चिमणीनं तिच्या कानाला दात लावले. विंचूनं तिला तशीच उचलली आणि रिंगच्या बाहेर काँक्रीटवर फेकली. बाहेर चाललेली माणसं धावत परत आली. पहिल्या रांगेतली एक बाई खुर्चीवर उभी राहून किंचाळत होती, "मोड! मोड तिला!" तिला कोण मोडायला हवं होतं ते कळत नव्हतं. बहुधा कुणीही चाललं असतं.

मग पुन्हा रिंगमध्ये, आणि पकड. विंचू फळीवर पाठीवर पडलेली, चिमणीचा उजवा हात तिच्या दोन्ही मांड्यांमध्ये, मनगट तिच्या मुठीत, कोपर उलट्या दिशेनं ताणलेलं.

"थांबवा," चिमणी म्हणाली.

चित्र थांबलं. चिमणीची मोकळी बोटं विंचूच्या मनगटावर होती. नखं पांढरी पडलेली.

"पुढं घ्या. अगदी सावकाश."

बोटं आवळली, सुटली, आवळली. जरा थांबून पुन्हा दोनदा.

चिमणीनं पडद्यावरच्या बोटांकडं बोट दाखवलं. "एवढंच विचारायला आले होते. तुला कळलं होतं का?"

"कळलं होतं," विंचू म्हणाली.

चिमणीचे डोळे पडद्यावरच्या बोटांवरच होते.

"कळलं होतं, वहिनी. दोन्ही वेळा. पण वर बघ."

चिमणीनं बोटांवरची नजर वर नेली. विंचूच्या कानापाशी पंचाचं तोंड होतं.

"दादा म्हणाला, वहिनी हात दाबेल. फसू नकोस. तू सोडलंस की ती डोळ्यात बोट घालणार आहे, तिनं तसं ठरवलंय." विंचूनं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं, जणू अजून रक्त होतं. "माझा दात खाली पडला होता. तोंड रक्तानं भरलं होतं. मी का नाही विश्वास ठेवायचा?"

रेकॉर्डिंगवाल्यानं न सांगता चित्र पुढं सरकवलं. पंचानं विंचूच्या कानापासून मान वर केली. त्याला चिमणीची बोटं दिसत होती, टीचभर अंतरावर. त्यानं ती बोटं पाहिली. मग मालकाकडं पाहिलं. मग पुन्हा बोटांकडं. आणि तो नुसता बघत राहिला.

कोपर मोडलं. हाडाचं टोक कातडीखालून वर आलं आणि थांबलं.

विंचूनं एकदम सोडलं. ती बसून त्या हाताकडं बघत होती, तोंड उघडं. चिमणी बेशुद्ध. पंचानं विंचूच्या खांद्याला रेटा देऊन तिला पाठीवर पाडलं, चिमणीचा धड असलेला हात तिच्या छातीवर टाकला, आणि फळीवर थापा मारत मोजलं. एक, दोन, तीन. चिमणी जिंकली. लोकांनी छत डोक्यावर घेतलं. न्हावी आत आला. विंचूनं मान खाली घातली आणि वेणी उतरवू दिली. तिच्या कापलेल्या केसांवर तिच्याच नाकातोंडातलं रक्त ठिबकत होतं.

"शेवट बदललाच नव्हता," चिमणी म्हणाली.

"कधीच नव्हता."

"मग तू उठली का नाहीस? माझ्यात काय उरलं होतं? बोटानं ढकलली असतीस तरी..."

"पडायचं ठरलं होतं ना माझं," विंचू म्हणाली. "मी पडले."

दार उघडलं. पंच आत आला. पांढरे झालेले केस नीट मागं फिरवलेले, हातात चहाचा कागदी कप.

"झालं का तुमचं? अरे वा, नणंद-भावजय चक्क बोलताय! सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" मग त्याची नजर पडद्यावर गेली. रेकॉर्डिंगवाल्यानं चित्र पुन्हा तिथंच आणून थांबवलं होतं. पट्ट्यांचा शर्ट, बोटांवर खिळलेले डोळे.

"अहो, हिला काय सांगितलं होतं तुम्ही?" चिमणीनं विचारलं. "आणि मला काय सांगितलं होतं?"

पंचानं कप टेबलावर ठेवला. "काळच तसा होता गं. लोक उठून चालले होते. मालक म्हणाला, रंगव, नाहीतर उद्यापासून कुलूप. मी रंगवला. दोघींना नुसतं सांगून तसं जमलं असतं का? जीव ओतलात म्हणून तर आज लोक पुन्हा बघतायत."

"आणि हात?"

"अपघात तो. रिंगमध्ये होतात."

"मी दाबत होते. तुम्ही बघत होता."

"शेवटी जिंकवलं तर तुलाच ना?" पंच म्हणाला. त्यानं हे मनापासून म्हटलं. तेवढं एकच वाक्य तो त्या खोलीत खरं बोलला असावा.

चिमणी उठली. तिनं गोठलेला उजवा हात पुढं करून त्याचा हात हातात घेतला आणि हळूच दाबला.

सारी हयात रिंगमध्ये घालवलेला माणूस तो. कातडीला सवय असते, ती डोक्याला विचारत नाही. त्यानं उलट दाबला.

चिमणीनं डावी मूठ कमरेतून आणली. ती जबड्याखाली बसली तेव्हा पंचाचे दात एकमेकांवर आपटल्याचा आवाज काचेपलीकडं मीटरचा काटा लाल पट्टीत घेऊन गेला. तो खुर्चीसकट मागं पडला. कप उडाला, चहा भिंतीच्या स्पंजनं पिऊन टाकला. तो वळून उठायला लागला, तेवढ्यात विंचू खाली होती. तिचं शरीर काही विसरलं नव्हतं. पंचाचा उजवा हात तिच्या मांड्यांमध्ये गेला, मनगट मुठीत, कोपर उलटं.

"ताणू?" तिनं विचारलं.

चिमणी उत्तर न देता गुडघ्यावर बसली, पंचाच्या बोटांपासून टीचभर अंतरावर.

"अगं... अगं ए, वेडी झालीस का..." पंचाच्या ओठातून रक्त येत होतं. विंचूनं कंबर थोडी उचलली. त्याचा आवाज चिरकला आणि मग नुसताच श्वास राहिला. मोकळी बोटं विंचूच्या मनगटावर गेली.

"वहिनी, दाबतोय."

"किती?"

"दोनदा. आणि पुन्हा दोनदा."

चिमणीनं त्याची नखं पांढरी पडताना पाहिली. कोपराच्या आतल्या बाजूला शीर ताठ झाली होती. मागं पडद्यावर तो तसाच थांबलेला होता, नजर खिळवून. तो जेवढा वेळ बघत राहिला होता, तेवढाच वेळ चिमणी बघत राहिली. त्याहून जास्त नाही.

"सोड," ती म्हणाली.

विंचूनं सोडलं.

स्पीकरमधून रेकॉर्डिंगवाल्याचा आवाज खरखरला. "हे... हे ठेवायचं की कापायचं?"

"ठेव," चिमणी म्हणाली. तिनं आपली खुर्ची ओढून विंचूच्या खुर्चीला टेकवली आणि दोघी बसल्या.

पंच जमिनीवर बसून आपलं कोपर उघडून-मिटून पाहत होता. पूर्ण उघडत होतं. पूर्ण मिटत होतं.