गाढव अजून ओरडत नाही

शार्दूल वानखेडे हा नागपूरचा मुलगा बंगळुरात, कोरमंगलाच्या एका कंपनीत जनावरांना बोलायला लावायचा. पगार त्याचाच मिळायचा. बालवाड्यांसाठी एक प्रोग्राम होता: पडद्यावर गाय दिसते, पोराने माउसने तिच्यावर क्लिक केलं की ती हंबरते. ऐकायला सोपं, पण चित्र मूळचं बहिरं असतं. कितीही क्लिक करा, ते ढिम्म. मग त्याच्याभोवती न दिसणारी एक चौकट बसवायची. क्लिक तिला ऐकू येतो, ती चित्राला सांगते. सरकारी कामासारखंच, मध्ये माणूस लागतो.

गाईला चौकट बसली त्याच दुपारी शार्दूलला कळलं होतं, की हीच बाकीच्या जनावरांना डकवली तर चहाच्या आधी काम संपेल. ते संपू नये म्हणून तो कित्येक आठवडे जिवापाड मेहनत करत होता.

कारण कावेरी. ती निपाणीची, बसायची कंपनीच्या इंदिरानगरच्या ऑफिसात, आणि शार्दूलचं प्रत्येक जनावर तपासायचं काम तिच्याकडे होतं. जनावर बिघडलं की तिचा फोन. इंदिरानगर काही लांब नाही, पण ट्रॅफिक धरला तर ते परदेशात मोडतं. दोघं एकदाही भेटले नव्हते. दिवसभर हिंदी-इंग्रजी दळून झाल्यावर तिचं "काय करालास रे?" कानावर पडलं, की शार्दूलला भरल्या पोटी भूक लागायची. म्हणून त्याने बकरीला मांजराचा आवाज दिला. उंट फक्त कुबडावर क्लिक केलं तरच बोलायचा. कासव फारच उशिरा बोलायचं. त्यावर शार्दूलचं म्हणणं, कासव आहे ते.

आता एक गाढव तेवढं उरलं होतं. ते झालं की प्रोग्राम बालवाड्यांच्या ताब्यात आणि कावेरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. तिथे जनावरं नसतात.

"आज ते गाढव संपीव रे अप्पा," टीमचा प्रमुख महांतेश त्याच्या कानडी वळणाच्या हिंदीत म्हणाला. "एवढ्या वेळात खरं गाढव बोलायला शिकलं असतं."

फोन वाजला.

"शार्दूल, गाढवावर क्लिक केलं तर गप्प. शेजारच्या गवतावर केलं तर ओरडतंय."

"लाजाळू आहे ते. गवतात लपून ओरडते."

"आणि ढगावर केलं तरी ओरडतंय की!"

"मग वारलं असेल."

ती हसली. तिचं हसू आधी नाकातून निसटायचं, मग आवाज यायचा. त्या हसण्यासाठी शार्दूलने अख्खं प्राणिसंग्रहालय बिघडवलं असतं. बिघडवलंच होतं.

"दुरुस्त कधी करणार?"

"करून राहिलो ना!"

"करून राहिलो ना," तिने नक्कल केली. मग तिचा आवाज बदलला. "काल वेळ होता म्हणून तुझा कोड उघडून बघितला मी. गाईची चौकट बरोबर आहे. तीच सगळ्यांना बसते. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

शार्दूलने माउसचा बाण गवतावरून गाढवावर नेला, परत गवतावर आणला.

"गाढवाची चौकट तू हातानं बाजूला, गवतापासून ढगापर्यंत ताणून ठेवलीस. कशाला रे?"

त्याच्या ओठांवर दोन-तीन विनोद आले. एक तर गाढवाच्या सासुरवाडीवरचा, चांगला होता. त्याने तो गिळला.

"तू पास केलं की तुझा फोन येणार नाही म्हणून."

पलीकडे कुणीतरी तिला कन्नडमध्ये हाक मारली. "स्वल्प थांब," ती अर्ध्या कन्नडमध्ये म्हणाली. त्या माणसाला की शार्दूलला, ते कळलं नाही. मग अगदी हळू म्हणाली, "आधी ते गाढव दुरुस्त कर."

त्याने चौकट उचलून गाढवावर ठेवली. एवढंच काम होतं. तिने क्लिक केलं. इंदिरानगरात गाढव ओरडलं, ते कोरमंगलात ऐकू आलं. तिने पुन्हा क्लिक केलं. मग आणखी एकदा. इतर जनावरांना तिने कधी एकाहून जास्त वेळा बोलायला लावलं नव्हतं.

"चालतंय," ती म्हणाली. "पास."

पण फोन ठेवला नाही. कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला. तिच्या बाजूला की ह्याच्या, सांगता येईना. शार्दूलने श्वाससुद्धा जपून घेतला, न जाणो, तिला फोन ठेवायची आठवण व्हायची.

"आता काम तर काही राहिलं नाही," कावेरी म्हणाली. "बोल की."

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

संध्याकाळचे सहा वाजायला आले होते; दुपारचं जेवण केव्हाच उरकलेलं, रात्रीचं अजून लांब.

"नाही," ती म्हणाली.