लटकता माल

पोटात कळ उठली तेव्हा ती वर क्रेनच्या केबिनमध्ये होती आणि हुकाला लोखंडी तुळई लटकत होती. ती वाकलेली पाहून खालून मुकादम शिट्ट्या फुंकून ‘उतर’ म्हणत होता. तिनं दात-ओठ आवळून आधी तुळई जमिनीला टेकवली, मग शिडी धरली. माल लटकता ठेवून कोणी उतरत नाही, हा या कामातला पहिला धडा. खाली आली आणि मटकन बसली.

दवाखान्यात कळलं, अपेंडिक्सला सूज आहे. सर्जनबाईंनी दोन्ही वाटा सरळ सांगितल्या. अजून फुटलेलं नाही, तेव्हा औषधानंही भागेल. बऱ्याच जणांचं भागतं. काहींचं मात्र पुन्हा उठतं. काढून टाकलं तर तो प्रश्न मिटला, पण काही आठवडे शिडी बंद.

एवढं ऐकायचा अवकाश, खाटेभोवती शहाण्यांची सभा भरली. नवऱ्यानं औषधच म्हटलं. सासूबाईंनी लेकाची री ओढली, पोट फाडून घ्यायची हौस कशाला. मुकादम संत्री घेऊन आला होता. औषध घेऊन लवकर आलीस तर क्रेन तुझी, नाहीतर माझा मेहुणा वर बसेल आणि तुला गोदामात खुर्ची देऊ, म्हणाला. बाई वर आणि आपण खाली, हे त्याला कधीच पचलं नव्हतं. सगळे तिला समजावत होते. विचारलं ते फक्त सर्जनबाईंनी.

“काढून टाका,” ती म्हणाली.

“अगं, औषधानं भागतंय ना?” नवरा वैतागला. “हातची क्रेन जाईल.”

“आणि वर असताना पुन्हा कळ आली तर? या वेळी माल टेकवायला जमलं. दर वेळी जमेल? खाली माणसं असतात.” तिनं मुकादमाकडे पाहिलं. “पोटात लटकता माल घेऊन मी चढणार नाही. आणि खुर्चीवरही बसणार नाही.”

ऑपरेशन झालं. मुकादमानं शब्द पाळला. असले शब्द तो नेमके पाळतो.

सर्जनबाईंनी कामाला परवानगी दिली त्या सकाळी मुकादमानं तिला गोदामातली खुर्ची दाखवली. तिनं ती नीट पाहून घेतली. मेहुणा चहाला खाली उतरला होता, हूक रिकामा होता. ती शिडीकडे गेली आणि चढू लागली. मध्यावर टाका ओढल्यासारखा झाला, तशी थांबली, श्वास घेतला, पुन्हा चढली. केबिनमधली तिची उशी कुणीतरी फेकून दिली होती. त्याचं तिला वाईट वाटलं. ती तशीच उघड्या पत्र्यावर बसली.

मुकादमानं शिट्टी फुंकली. उतर.

खाली माल बांधणाऱ्या गड्यांनी मुकादमाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. एकानं हुकात तुळई अडकवली आणि हात उंचावला. तिनं माल उचलला.

शिट्टी वाजत राहिली. पण माल लटकता होता. तो टेकला की गडी लगेच दुसरा अडकवत होते.