खानसाम्याची जागा

आमचे हे, म्हंजी दानीएल, सत्तावीस वर्सं मिशनच्या बंगल्यावर खानसामा हुते. नगरात केडगावच्या रस्त्याला बंगला, आन् बंगल्याच्या मागं आमची खोली. आता कुनी म्हनंल, सैपाकीच ना, त्यात काय एवढं? त्यानं ह्यांच्या हातचं पुडिंग खाल्लेलं न्हाई, एवढंच म्हनते मी.

बहात्तरच्या मे महिन्यात शेवटचे साहेब-मडम आपल्या देशाला निघून गेले. त्यांच्या जागी दुसरं कुनी यायचंच नव्हतं. बंगल्यात बोर्डिंगचं ऑफिस बसलं. ऑफिसाला खानसामा कशाला लागतोय? कमिटीनं ह्यांच्या गळ्यात हार घातला, आन् दिवाळीपतुर खोली वापरा म्हनून सांगितलं. एकूनपन्नासाव्या वर्सी हे हार हातात घेऊन घरी आले आन् म्हनले, "हन्ना, आता?" मी म्हनलं, आता काय, हात चालत्यात तवर कामाला काय तोटा? मला तवा खरंच तसं वाटत हुतं. लई येडी हुते मी.

हे लष्कराच्या मेसमधी गेले, तर वय बघून परत लावलं. मग पुना रोडला काकासाहेबाचं हॉटेल हाय, ट्रकवाले थांबत्यात तिथं, तिकडं गेले. साहेबांनी जाताना दिलेली इंग्रजी चिठ्ठी पुढं केली. काकासाहेबाला ती वाचता येईना. त्यानं इचारलं, "मिसळ येती का? भजी?" हे म्हनले, "रोस्ट येतं, सूप येतं, कटलेट येतात, सात तऱ्हेचं पुडिंग येतं." साहेब लोकांत राहून ह्यांची बोली पुस्तकी झालेली. काकासाहेब म्हनला, "मिस्तरी, हितं ड्रायव्हर येत्यात. आन् गिऱ्हाईक इचारतं हो, भट्टीवर कोन हाय, कुन्या जातीचा हाय." मानूस वाईट बोलला न्हाई. च्या पाजायला निघाला, पन कप काढला तो बाहेरच्या खिळ्याला टांगलेला. तो कप बघून हे तसेच माघारी आले. मी आसते तर फोडला आसता.

पावसानं त्या साली तोंड दाखवलं न्हाई. पिकं गेली, हिरी आटल्या, जो तो सरकारी खडीवर. मीबी जायला लागले. ह्यांला म्हनलं, तुमी पन चला, दोघांचे हात लागतील. तर म्हनले, "हे हात खडी फोडायचे नव्हेत, हन्ना." आसा राग आला मला! माझे हात काय देवानं खडी फोडायला दिल्ते व्हय? पन गिळलं सगळं. दिवसभर एकटे दाराशी बसायचे आन् सुरीला धार लावायचे. कापायला घरात कांदा नव्हता. सांजच्याला मी आले की माझ्याकडं बघायचे न्हाईत. त्यांचं ते न बघनं मला खडीपरीस जड जायचं.

दिवाळी गेली, नाताळ झाला. कमिटीचा मानूस आठवड्याला येऊन खोली कधी सोडताय म्हनून इचारू लागला. जायचं कुठं? लेक दया राहात्याला दिलेली, पन जावयाच्या दारात किती दिस बसनार?

आशात सूर्यभान आला. हा आमच्या बंगल्यावरचा माळी. लई शहाना, साहेब जायच्या आधीच राहात्याच्या अलीकडं कॅनॉलवरच्या सरकारी डाकबंगल्यावर चौकीदार म्हनून लागला हुता. म्हनला, "दानीएलभाऊ, आमचा म्हातारा खानसामा वारला. येत्या गुरुवारी मोठं साहेब दुष्काळी कामं बघायला येनार हायती. कॅनॉलचा ओव्हरसियर म्हनतोय, त्यांचं जेवन नीट झालं का तुमचंच नाव लावतो. राहायला खोली हाय मागं."

ह्यांनी फक्त एवढंच इचारलं, "जेवण कसलं?"

"साहेबी. ओव्हरसियरनं सोताच सांगितलंय."

आमी दोन दिस आधीच गेलो. मी भांडी घासायला म्हनून बरोबर. तिथं भट्टी नव्हती, तर ह्यांनी रॉकेलच्या डब्याची केली, खाली-वर निखारे घालून. पाव भाजला. कोंबडी भाजली. साखर करपवून पुडिंगच्या भांड्यात आशी फिरवली की काय सांगू. आन् काम करता करता देवळातलं गीत गुनगुनत हुते. आठ महिन्यांनी त्यांचा गाता आवाज कानावर आला. मी भांडी घासता घासता मनात म्हनलं, देवा, एवढी जागा दे, मग तुला काय सुदीक मागनार न्हाई. खोलीसाठी न्हवं, भाकरीसाठी न्हवं, ह्या मानसाला त्याची मान परत दे.

गुरुवारी दोन वाजता जीप आली. साहेब आपल्याकडचाच, रंगानं काळासावळा, डोक्यापासून पायापतुर फुफाट्यानं भरलेला. हे पांढरा कोट घालून दाराशी उभे. टेबलावर पांढरी चादर, रुमालांचे पंखे केलेले, सूपाची वाफ येतीया. साहेब टेबलाजवळ आला आन् उभाच राहिला.

"हे कुणी सांगितलं?" त्यानं इचारलं. ओव्हरसियर फरशीकडं बघायला लागला.

मग साहेब ह्यांच्याकडं वळला. वरडला न्हाई. वरडला आसता तर बरं झालं आसतं. "तुम्ही फार कष्ट घेतलेत," म्हनला, "पण सकाळपासून खडीवरची माणसं सरकारी सुकडी खाताना बघत आलोय. हे मला जाणार नाही. पिठलं-भाकरी होईल का?"

"होईल, साहेब," हे म्हनले.

आत आले आन् मला एकच शब्द बोलले, "भाकरी." त्यांचं तोंड चुन्यागत पांढरं पडलेलं. जल्मात कधी भाकरी थापली नव्हती ह्यांनी. बंगल्यात पाव आन् घरी मी. सूर्यभानच्या घरनं बाजरीचं पीठ आनलं, बेसन आनलं. ह्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, पीठ मळलं, थापाय लागले. पहिली परातीतच फाटली. दुसरी उचलली तर तव्यावर पडता पडता तिचे तीन तुकडे. बाहेर साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं म्हनून सूर्यभान सांगून गेला. ह्यांनी तिसरा गोळा घेतला, त्यालाबी चिरा पडल्या. जीपचा ड्रायव्हर दारातनं बघत हुता आन् हसू दाबत हुता.

"सरका," म्हनले मी.

नवऱ्याला म्हनले, चुलीपुढनं, परक्या मानसासमोर. आन् ते सरकले. तेवढं केलं नसतं तर जागा जात हुती, म्हनून केलं, हे मी येशूसमोर सांगन. भाकरी टरारून फुगल्या. पिठल्याला लसनाची फोडनी दिली. ताट ह्यांच्याच हातात दिलं, आन् मी पडद्यामागं उभी राहिले.

साहेबानं तीन भाकरी खाल्ल्या. पानी प्याला. आन् तोंड पुसता पुसता इचारलं, "घरची आठवण झाली बघा. कुणी केलं हे?"

सारा जीव कानात गोळा झाला माझा. देवा, म्हनलं, सत्तावीस वर्सांत हा मानूस कुन्या साहेबाशी खोटं बोलला न्हाई, आज एकडाव बोलू दे. 'मी' म्हनायचं. एक अक्षर. त्यानं काय आभाळ कोसळनार हुतं?

"माझ्या मंडळीनं केलं, साहेब," हे म्हनले. "मला येत नाही."

पहिलं बोलले ते बोलले. पुढचं तरी गिळायचं ना! कुनी इचारलं हुतं?

साहेबानं मला बाहेर बोलावलं. मी पदर सावरून आले. ओव्हरसियरनं खानसाम्याची जागा भरायचीय म्हनून सांगितलं, तवा साहेब त्याला म्हनला, "मग या बाईंनाच ठेवा की. तपासणीला आलेल्या माणसाला असंच जेवण हवं असतं." त्याच्या मनात वाईट नव्हतं, त्याच्या हिशेबी त्यानं आमचं भलंच केलं.

जीप गेल्यावर मी ओव्हरसियरच्या मागं लागले. म्हनलं, दादा, नाव ह्यांचं लावा, भाकरी मी करून देत जाईन, कुनाला कळनार हाय? तो म्हनला, "बाई, साहेबांनी तोंडानं तुमचं नाव सांगितलंय. मस्टरवर एकच नाव बसतं."

मी आनखी काय बोलायच्या आत हेच पुढं झाले. "तिचं लिहा," म्हनले. "हन्ना दानीएल. खोली मिळतेय, हन्ना, वाद घालू नकोस."

ते टेबलावरचं सगळं सूर्यभाननं मागं नेलं. कोंबडी त्याच्या घरच्यांनी खाल्ली. पुडिंग ड्रायव्हर जाताना पानावर घेऊन गेला, म्हने लई ग्वाड हाय. ह्यांनी भांडं धुतलं, पुसलं, फडक्यात बांधलं. मी म्हनलं, भांडा माझ्याशी, काय तरी बोला. ते म्हनले, "तू कुठं काय चुकलीस?" आन् तेच खरं हुतं, म्हनून तर त्याला इलाज नव्हता.

दोन महिने झाले आता. साहेब लोक येत्यात, पिठलं-भाकरी खात्यात, ठेचा मागत्यात, बाई, तुमच्या हाताला चव हाय म्हनत्यात. हे पैल्यांदा खोलीतच बसून असायचे. कुनी जीपमधनं उतरलं की दार लोटून घ्यायचे. मी कितींदा म्हनलं, नगरला चला परत, मी खडीवर जाते, पन परत जायला खोली कुठं ऱ्हायली हुती?

परवा सकाळी मी चूल सारवत हुते. दारात सावली पडली म्हनून वर बघितलं, तर हे. अंघोळ केलेली, भांग पाडलेला, धुतलेलं फडकं खांद्यावर, दोन्ही हात म्होरं जोडलेले, नजर खाली. कोट नव्हता घातला. बंगल्यावर रोज सकाळी कोठीच्या दाराशी मडमच्या म्होरं हे आसेच उभे राहायचे, मी बघितलंय. माझ्याम्होरं कधी उभे राहिले नव्हते. लग्नाला अठ्ठावीस वर्सं झाली.

"आज काय करायचं?" त्यांनी इचारलं.

मला वाटलं, थट्टा करत्यात. तोंडाकडं बघितलं, तर थट्टा नव्हती. रागबी नव्हता. काम मागायला आलेला मानूस हुता तो. मला वाटलं उठावं, त्यांचे हात सोडवावेत, म्हनावं तुमी मला दोन थोबाडीत मारा पन आसं उभं राहू नका. पन तसं म्हनले आसते तर ते माघारी खोलीत गेले आसते आन् परत बाहेर आले नसते, हे मला दिसत हुतं.

"चार घागरी पानी आना," मी म्हनलं. "मग कांदा चिरून द्या."

"बरं," म्हनले, आन् घागरी उचलून हिरीकडं गेले.