जाईबाईचं पांढरं लुगडं

देवमन खंडारे अकोल्यात बांधकाम खात्यात कारकून होता, आणि ऑफिसात त्याच्याइतका गरीब गाय माणूस दुसरा नव्हता. साहेब ओरडला की मान खाली, काम पुढे. पण घरी येऊन एकदा कुंचला हातात घेतला की हा बहाद्दर कोणाच्या बापाचं ऐकत नसे. त्याला चालत्या चित्रांचा नाद होता. रॉकेलच्या डब्याला भोक पाडून त्यात जुन्या कॅमेऱ्याचं भिंग बसवलेलं, आत गॅसबत्ती, आणि मध्ये काचेवर रंगवलेली चित्रं. एका काचेवर घर, झाड, उभा माणूस. दुसऱ्या काचेवर नुसता त्या माणसाचा हात. ही दुसरी काच दोऱ्याने ओढली की भिंतीवरच्या चित्रातला माणूस हात हलवायचा. शेजारपाजारची मंडळी जेवणं आटोपून यायची आणि तोच हात पुन्हा पुन्हा हलवायला लावायची.

रंगांच्या बाबतीत तर त्याचा हट्ट विचारूच नका. प्रत्येक देखाव्याचे रंग आधी वेगळे तयार करायचे. फोटो रंगवायचे रंग, आलता, काताचं पाणी, जे हाती लागेल ते एकमेकांत घोटायचं, अरुंद काचपट्टीवर त्याचे ठिपके द्यायचे, ती पट्टी डब्यात सरकवायची आणि समोरच्या भिंतीवर ठिपके कसे पडतात ते बघायचं. नाही पटलं की पट्टी धुऊन पुन्हा पहिल्यापासून. शेताची पट्टी निराळी, स्टेशनची निराळी. जो रंग पट्टीवर नाही तो त्या देखाव्यात घालायचा नाही म्हणजे नाही.

सगळ्यात जास्त खपला तो घराच्या देखाव्यावर. त्यात त्याची माय होती, जाईबाई. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परत आली, आणि अंगावरचं पांढरं लुगडं न बदलता तशीच चुन्यात नीळ कालवून घराच्या भिंती रंगवायला उभी राहिली. लोक म्हणाले, आधी बसा, पाणी प्या. ती म्हणाली, पाणी मंग पेईन. तेव्हापासून दर दिवाळीला तिच्या भिंतींना नीळ पडतच आलेली. देवमनच्या चित्रात ती तशीच उभी होती, आणि दोरी ओढली की तिचा हात वर-खाली जायचा आणि भिंत निळी होत जायची. लुगडं मात्र काही केल्या पांढरं दिसेना. पुष्कळ पट्ट्या वाया घालवल्यावर एकदाचं साधलं. काचेवर अगदी पुसट पिवळ्या रंगाचा हात दिला, तेव्हा भिंतीवरचं लुगडं असं पांढरं उमटलं की जाईबाई बघतच राहिली.

चित्रं दाखवायला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी अमरावतीच्या एका हौशी मंडळाने त्याला वार्षिक मेळाव्यात चित्रं दाखवायला बोलावलं. जाईबाई म्हणाली, मी पण येतो. नागपूरचं लुगडं तिने गाठोड्यात बांधून घेतलं. संध्याकाळी तेच नेसून ती पहिल्या रांगेत बसणार होती. बडनेऱ्याला गाडीतून उतरून टांग्यात बसली तेव्हाही गाठोडं मांडीवर होतं.

मंडळाचे चिटणीस वामनराव यांनी दुपारी दारंखिडक्या लावून तालीम घेतली. मोठं सभागृह, मंचावर सरस्वतीची तसबीर, मागे पांढराशुभ्र पडदा. शेताचा देखावा जरा भगभगीत वाटला, स्टेशनचाही तसाच. आणि मग घर आलं. भिंतींची नीळ जवळजवळ उडालेली, भिंती राखेसारख्या. चित्रातल्या मायच्या तोंडावर कावीळ. आणि लुगडं पिवळट, मळकं, महिना महिना पाणी न लागल्यासारखं.

जाईबाई मागे उभी होती. ती पुढे पडद्यापाशी आली.

"हे मी नाई," ती म्हणाली. "मळक्या लुगड्यानं नागपूरले गेली नव्हती मी."

देवमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात वामनराव आले खुशीत. चष्मा पुसत म्हणाले, "खंडारे, उत्तम साधलंय. गरीब बाई, मळकं लुगडं, अगदी खरं वाटतं. फक्त त्या भिंतीवर निळसर झाक राहिलीय, ती घालवा. मातीचा रंग द्या. तुमच्या वस्तीतलं घर म्हणजे कसं, बघितल्याबरोबर लोकांना कळलं पाहिजे."

"आमचं घर निळं आहे," देवमन म्हणाला.

"असेल हो. पण चित्रात शोभत नाही. संध्याकाळपर्यंत करा तेवढं, नाहीतर मला तुमच्याऐवजी दुसरं काही घ्यावं लागेल."

आता या गृहस्थांना कोण सांगणार की निळं घर शोभतं की नाही हे त्यात राहणाऱ्याला विचारावं. देवमनच्या ओठावर आलंही होतं. पण सवय वाईट. मान खाली घालून तो अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. लुगड्याचा पिवळा काढावा तर काचेत मुरलेला रंग निघणार कसा, आणि निघालाच तर मायच्या तोंडासकट निघेल. त्याने मातकट रंगाची शिशी उघडली. कुंचला बुडवला. निदान चित्र दाखवलं तरी जाईल, असं त्याच्या मनात आलं, आणि आलं त्याचीच त्याला लाज वाटली.

"काय करून राहिला?" जाईबाईने विचारलं.

"भिंतीले माती लावतो."

"माह्या भिंतीले?"

जाईबाई त्याच्यासमोर बसली. "घरी तं मी चांगली पांढरीफेक दिसत होती. इथं येऊन काय झालं मले? अन् लुगडं पिवळं पडलं तं बाया नीळ देतात, माती नाई लावत."

देवमनचा हात थांबला. घरी. घरी तो चित्र पाडायचा कशावर? मायच्याच भिंतीवर. तिची नीळ प्रत्येक रंगात आपसूक मिसळत होती, आणि ती धरूनच हा शहाणा इतके दिवस पट्ट्या जमवत बसला होता. पांढऱ्या पडद्यावर त्याने चित्र कधी टाकलंच नव्हतं. त्याने कपाळावर हात मारला आणि कितीतरी वेळाने हसला.

"चित्र बरोबर आहे, माय. पडदा चुकला."

"मंग निळा पडदा मांग त्यायले."

"हे लोक देतात का?"

जाईबाईने गाठोडं सोडलं. नागपूरचं लुगडं बाहेर काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. देवमन म्हणाला, "हे नको, माय. वर्षात एखाद वेळा नेसतेस तू. आज नेसायचं म्हणून आणलंस."

"दरवर्षी थोडी नीळ देतोच मी त्याले. आज जास्त दे. चित्रात मले मळकी कोणी म्हणू नये, बस. अंगावरचं हिरवं काय वाईट आहे?"

समोरच्या दुकानातून त्याने निळीची पुडी आणली. अंगणातल्या नळाखाली बादली भरली. जाईबाईने लुगडं बुचकळलं, पिळलं, पुन्हा बुचकळलं, घरच्या भिंतीचा रंग आला तेव्हा थांबली. अमरावतीचं ऊन. बघता बघता वाळलं. मग तिने ते मधोमध दुमडून काठाला काठ लावून टाके घातले, आणि नऊवारीचा ऐसपैस पडदा झाला. कडुलिंबाखाली येणारेजाणारे बघत होते. तिने एकाकडेही वर मान करून पाहिलं नाही.

संध्याकाळी देवमनचं नाव पुकारलं तेव्हा लोकांनी भरलेल्या सभागृहात त्याने मंडळाच्या पडद्यापुढे दोरी बांधली आणि तिच्यावर लुगडं टाकलं. वामनराव धावत मंचावर आले.

"हे काय? हे कोणाचं नेसूचं लुगडं की काय?"

"माह्या मायचं."

"खंडारे, शुद्ध आहे का तुम्हाला? मागे सरस्वती आहे. वापरलेलं लुगडं मंचावर? आणि मी सांगितलं होतं ते रंग?"

"रंग माहे आहेत," देवमन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "एकही बदलला नाई अन् बदलणार नाई."

"काढा ते खाली."

आयुष्यभर साहेबांपुढे वाकलेली मान त्या घडीला वाकली नाही. का ते देवमनलाही नीट सांगता आलं नसतं. त्याला एवढंच दिसत होतं की मायने अंगणात बसून टाके घातलेत.

"मी नाई काढत," तो म्हणाला. "तुमाले काढायचं असन तं तुमी काढा. लावा हात."

वामनरावांनी हात उचलला. लुगड्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला. मागे पाहिलं. मंडळाचा गडी दाराशी उभा होता, तो आपल्या पायांकडे बघू लागला. समोर बसलेल्यांपैकी कोणी उठेना. सगळ्यांना कळलं होतं की हात का थांबला, आणि वामनरावांनाही कळलं होतं की सगळ्यांना कळलंय. मोठे सुधारक म्हणून गावात त्यांचं नाव होतं.

देवमन तेवढ्यात डब्याशी पोचला होता. त्याने दिवे घालवायला सांगितलं, काच सरकवली. आणि निळ्या लुगड्यावर घर उभं राहिलं, खरं, भरदार, निळं होत जाणारं घर. दारात जाईबाई. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत. अंगावर लुगडं असं पांढरं की मागच्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. दोरी ओढली, तिचा हात वर गेला, खाली आला. वामनराव अजून मंचाच्या कडेला तसेच उभे होते, आणि त्यांची सावली घराच्या निम्म्या भिंतीवर पडली होती.

पहिल्या रांगेत हिरव्या लुगड्यातली जाईबाई जरा डावीकडे झुकली, मग उजवीकडे झुकली, आणि मग शांतपणे म्हणाली,

"खाली बसा नं, भाऊ. माह्यं घर दिसून नाई राहिलं."

वामनराव बसले.