घशातल्या जनुकाला अखेर काम लागलं!

मित्रांनो, तुमच्याशी बोलतंय ते एक जुनं जनुक. ताईला मी आजीकडून मिळालं, घोरण्यासोबत. घोरणं रोज वापरात. मी मात्र तिच्या घशातल्या एका पेशीच्या केंद्रकात घट्ट गुंडाळलेलं. माझ्यात एकच कृती लिहिलेली: विषाणूचा जनुकीय मजकूर कापणारी कात्री कशी करावी. पण विषाणूच नाही, तर कात्री कशाला? शेजारची जनुकं म्हणायची, "याचा काही उपयोग नाही." मीही मान हलवून होकार दिला. मला मान नाही, पण दिला.

ताई बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. धाकटा भाऊही वाजवतो. दोघांत ट्रम्पेट एकच, फुंकायची तोटीही एकच. दुसऱ्याला देताना ती धुवायची, असा घरचा नियम. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सराव झाल्यावर ताईने विचारलं, "तुझं नाक गळतंय. तोटी धुतलीस ना?"

"पुसली की."

"कशाने?"

"बाहीने."

"त्याच बाहीने नाक पुसतोस ना रे, गधड्या!"

पण उशीर झाला होता. विषाणू आमच्या शेजारच्या पेशीत घुसला होता. ती वाचणार नव्हती. तरी तिने इंटरफेरॉन नावाचा इशारा चहूकडे सोडला. तो आमच्या पेशीच्या आवरणावर येऊन थडकला. आतल्या बाजूला पेंगणारी दोन प्रथिनं दचकून उठली, एकमेकांना धरलं, तिसऱ्याला सोबत ओढलं आणि थेट केंद्रकात, माझ्यापुढे हजर! ती मला चिकटली आणि मी उलगडलं. अहो, काय सांगू! माझ्या कृतीच्या नकला भराभर निघाल्या, कात्र्याच कात्र्या झाल्या. मला हसणारी जनुकंही कामाला लागली. विषाणू ऐटीत आत आला, आणि त्याच्या मजकुराचे तुकडे तुकडे! आमची पेशी वाचली.

बाहेर मात्र कार्यक्रमाच्या दिवशी ताई तापाने फणफणली होती. "बाबा, मी वाजवणारच," ती कण्हत म्हणाली.

"तिच्याऐवजी मी वाजवतो," भाऊ शिंकत म्हणाला.

बाबा म्हणजेच बँडमास्तर. ते म्हणाले, "दोघंही गुमान झोपा. आज बँड नुसत्या ढोलावर चालेल."

मित्रांनो, आजारपणात अंग ठणकतं, ताप येतो, तो बराचसा आमच्याच धावपळीचा गोंगाट असतो. तेव्हा उगाच शूरपणा करू नका. पाणी प्या, पांघरूण घ्या, पडून राहा. आत एखादी पेशी जाता जाता तुमच्यासाठी इशारा ओरडून गेलेली असते.