आकडा की लाट?

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. लाकडाचा, एका कोपऱ्यात तडकलेला. मिरवायला म्हणून नाही, मनातली लाज आता सोसवत नाही म्हणून बोलतोय.

माझी पहिली एकोणीस वर्षं आमच्या देशाच्या दक्षिणेकडच्या सा देक गावातल्या शाळेत गेली. गुरुजींची एकाहून एक वळणदार अक्षरं माझ्या अंगावर उमटली. मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि मला नदीकाठच्या साउमावशीच्या खानावळीत धाडलं. ती तांदळाच्या शेवया आणि हाडांचा रस्सा विकायची, आणि त्या दिवशीचे पदार्थ माझ्यावर लिहायची. बावन्नाव्या वर्षी अक्षरं गिरवायला लागलेली बाई ती! तिची अक्षरं म्हणजे पाय मोडलेले खेकडे. कुठे ते गुरुजी आणि कुठे ही, असं मी मनात म्हणायचो.

दर बुधवारी दुपारी चूल विझवून ती विहारातल्या प्रौढांच्या वर्गाला जायची. जाताना माझ्यावर लिहायची, 'ङी बान', म्हणजे विक्री बंद. आता गंमत ऐका. आमच्या भाषेत 'ङी' असे दोन शब्द आहेत. अक्षराच्या डोक्यावर हुकासारखा आकडा काढला तर विश्रांती, लाटेसारखी रेघ काढली तर विचार. आम्हा दक्षिणेतल्यांच्या तोंडी दोन्ही सारखेच, त्यामुळे कानाला फरक कळत नाही. मावशी लाट काढायची.

अशाच एका बुधवारी तिची लेक दिएम आली. शिक्षिका व्हायला ती शहरात शिकत होती. सोबत दोन मैत्रिणी, त्यातली एक उत्तरेकडची. तिकडे हे उच्चार वेगवेगळे, म्हणून तिला चूक लगेच दिसली.

"अगं बाई! 'विकायचा विचार चालू आहे'! चला, मावशींचा विचार होईपर्यंत उपाशी बसू या!"

दोघी खो खो हसल्या. दिएम लालबुंद झाली. तिने बाहीनेच मला खसाखसा पुसलं. मित्रांनो, सांगायला जीभ रेटत नाही, पण मला तेव्हा बरं वाटलं. सुटलो बुवा, असंच वाटलं.

मावशी वही छातीशी धरून दारात उभी होती. "चुकलं का गं? कुठे चुकलं?"

"आई, तू लिहूच नकोस ना! चारचौघांत माझी लाज काढतेस. या वयात कशाला हवीत ही थेरं?"

"बरं बाई," मावशी म्हणाली. वही फडताळात टाकून तिने चूल पुन्हा पेटवली.

पुढचे तीन बुधवार खानावळ उघडी राहिली आणि वर्ग बुडाला. मी कोरा करकरीत होतो, पण ते कोरेपण मला बोचायला लागलं होतं. चौथ्या बुधवारी मावशीने खडू उचलला आणि शेवया खाणाऱ्या नावाड्याला विचारलं, "भाऊ, विश्रांतीला आकडा की लाट?" त्याला येईना. भाजीवालीलाही येईना. शेवटी पोस्टमन हसत म्हणाला, "आकडा! काय मावशी, परीक्षा आहे वाटतं?"

"आहे ना. रोजच असते," म्हणत तिने आकडा काढला आणि वर्गाला गेली.

दोन वर्षांनी दिएम गावातल्याच शाळेत शिक्षिका झाली. एका दुपारी ती शाळेतून तडक खानावळीत आली.

"आई, आज फळ्यावर 'उद्या सुट्टी' लिहिताना 'ङी'वर मी लाट काढली गं! पहिल्या बाकावरची मुलगी म्हणते, 'बाई, उद्या शाळा विचार करणार का?' सगळा वर्ग हसला." तिचे डोळे भरून आले. "आणि मी त्या दिवशी तुला..."

"खडू घे आधी," मावशी म्हणाली. "घरी आल्यावर टोपी कुठे अडकवतो आपण? आकड्याला. ती विश्रांती. डोक्यात लाट हेलकावते, तो विचार. लिही दहा वेळा."

दिएम लिहू लागली. सातव्यांदा लिहिताना थांबली. "आई, तू चिडली नव्हतीस माझ्यावर?"

"चिडले होते की! तीन बुधवार चिडले होते. मग म्हटलं, वर्ग माझाच बुडतोय."

मित्रांनो, कुणाचं अक्षर चुकलं तर हसून पुसू नका. आधी लिहिणाऱ्याकडे बघा. मी एकोणीस वर्षं शाळेत काढली, हजारो धडे अंगावर वागवले, तोरा मिरवला. पण त्या बुधवारी मावशीने नावाड्याऐवजी मला विचारलं असतं, आकडा की लाट, तर मलाही सांगता आलं नसतं.