शनिवारची फुंकर

मित्रांनो, मी घड्याळ नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं तोंड वाटोळं आहे, त्यावर आकडे आहेत, काटाही आहे. पण मला वेळ विचारायला याल तर फसाल. मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीजवळची नव्हे हं! माझ्या नळीत माणसानं जोरात फुंकर मारली, की काटा सरकन पुढे जातो आणि त्याच्या छातीत किती दम आहे ते सांगतो. डॉक्टरांच्या पुस्तकात माझं नाव लांबलचक आणि इंग्रजी आहे. फुंकणी हे नाव मला भिवंडीत मिळालं, आणि मला तेच आवडतं.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीनं मी आफ्रिकेत कंपाला शहरी गेले आणि डॉक्टर कुबरा यांच्या हाती लागले. बाईंचे आजोबा भिवंडीचे. तरुणपणी ते पोट भरायला आफ्रिकेत गेले आणि तिकडचेच झाले. बाईंनी भिवंडी फक्त त्यांच्या गोष्टींतून पाहिलेली. त्या डॉक्टर होत्या आणि संशोधकही. कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांत जाऊन त्या कामगारांचा श्वास माझ्यावर मोजत. श्वास आत घेताना त्या म्हणायच्या, "पोले पोले." तिकडच्या भाषेत त्याचा अर्थ सावकाश, हळूहळू. मग सोडताना मात्र एकदम जोरात.

सात वर्षांचं काम सात वह्यांत उतरलं होतं. तेवढ्यात तिथल्या सरकारनं फर्मान काढलं, की आपल्याकडून तिकडे गेलेल्या घराण्यांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. बाईंनी एकुलत्या एका सुटकेसमधून आईची रेशमी साडी काढली आणि त्या जागी मला ठेवलं. विमानतळावर शिपायांनी सातही वह्या काढून घेतल्या. मला घड्याळ समजून उलटसुलट केलं, कानाला लावलं आणि बिघडलेलं म्हणून परत टाकलं. माझा अपमानच झाला, पण जीव वाचला. वह्यांसाठी बाई विमानात बसेपर्यंत रडल्या नाहीत. नंतर मात्र फार रडल्या.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात आजोबांच्या भावकीनं त्यांना खालच्या मजल्यावरची एक खोली दिली. तिथे दवाखाना सुरू झाला. डाव्या हाताला लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, उजव्या हाताला लूम. खटखटाट असा, की छातीला नळी लावली तर आधी लूमच ऐकू यायचा. सुरुवातीला लोक त्यांना "आफ्रिकावाली" म्हणत. पुढे त्या सगळ्यांच्या आपा, म्हणजे थोरल्या ताई, झाल्या. मी मात्र कपाटात होते. वह्या गेल्यापासून बाईंनी संशोधनाचं नावच टाकलं होतं.

मला बाहेर काढलं ते गुणाबाईनं. म्हणजे तिच्या खोकल्यानं. गुणाबाई जवळच्या दापोडे गावची. गुलाम हुसेन सेठच्या कारखान्यात ती कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. १९८६ च्या सुरुवातीला ती दवाखान्यात आली तेव्हा वय पस्तिशीचं आणि दाराची पायरी चढताना दम सत्तरीचा. तिच्या केसांत पांढरी रुई होती, कंपालातल्या कामगारांच्या केसांत असायची तशीच. ती पाहून बाई उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. तेरा-चौदा वर्षांनी मला उजेड दिसला.

बाई सेठकडे गेल्या. कांडीच्या खोलीच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या, कारण वाऱ्यानं धागा तुटतो. खिडक्या उघडा आणि भिंत फोडून धूळ बाहेर ओढणारे पंखे बसवा, नाहीतर या बायकांचे श्वास संपतील, असं बाईंनी सांगितलं. सेठ वाईट माणूस नव्हता, पण कुणाच्या सांगण्यावरून भिंत फोडणाराही नव्हता. तो म्हणाला, "आपा, कारखान्यातल्या धुळीनंच श्वास जातो हे तुमच्या घड्याळात दाखवा. भिंत मी स्वतः फोडतो."

घड्याळ! पुन्हा घड्याळ! असो.

मग माझे भरभराटीचे दिवस आले. दर सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी आणि संध्याकाळी सुटताना बाई मला घेऊन कारखान्यात जात. माझ्या नळीची पुठ्ठ्याची तोंडं कधीच संपली होती, म्हणून सुताच्या रिकाम्या रिळांतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या कापून त्या लावत. कशी फुंकर मारायची ते दाखवायला त्या आधी स्वतः फुंकत, आणि मग बायका रांगेनं. "पोले पोले" कांडीच्या खोलीत इतकं रुळलं, की कुणी घाईनं डबा उघडला तरी दुसरी म्हणायची, "पोले पोले गं."

सोमवारच का? कारण पुस्तकात सोमवार होता. सुट्टीचा दिवस मोकळ्या हवेत गेला, की कामाच्या पहिल्या दिवशी धूळ छातीला सर्वांत जास्त झोंबते. म्हणून मोजायचं ते पहिल्या दिवशी. कंपालात बाईंनी सात वर्षं सोमवारीच मोजलं होतं.

वर्ष संपलं. बाईंनी आकडे मांडले. सकाळ आणि संध्याकाळ यांत फरक जेमतेम नावाला. सेठ हसला नाही, उलट त्यानं चहा मागवला. पण भिंत काही फुटणार नव्हती. बाई त्या दिवशी मला पुसायलाही विसरल्या. वाटलं, आता पुन्हा कपाट.

पुढच्या सोमवारी बायका रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा बाईंनी सांगितलं, की आता मोजायचं नाही, काम संपलं, आपलंच चुकलं असेल. गुणाबाई माझी नळी हातात धरून उभी होती. वर्षभर ती काही बोलली नव्हती, कारण डॉक्टरला कोण शिकवणार? आता म्हणाली, "बाय, सोमवारी काय हाय? तवर छाती सरावलेली आसते. सुक्कीरवारी लूम बंद. शनवारी आलो का दोन तासांत छातीवर जातं ठेवल्यावानी व्हतं. तुमी शनवारी कदी आलाच न्हाय."

बाई मटकन खाली बसल्या, रुईच्या ढिगावरच. शुक्रवारी भिवंडीचे लूम थांबतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. शुक्रवारी तर त्यांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसायची. पण ठाऊक असणं वेगळं आणि ध्यानात येणं वेगळं. बाई भिवंडीत राहत होत्या, आठवडा मात्र त्यांनी कंपालाचाच जपून ठेवला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, तो असा!

शनिवार आला. सकाळी गुणाबाईनं फुंकर मारली, काटा दोनशे साठवर. संध्याकाळी एकशे नव्वद. तिच्यामागे उभ्या असलेल्या मैनाचा, गोदूबाईचा, सगळ्यांचाच काटा घसरला. सलग तीन शनिवार तेच. मी कुणाची भीड ठेवत नाही, मित्रांनो. जेवढी फुंकर तेवढाच काटा.

सेठ मात्र डोकं खाजवू लागला. पंखे हवेत म्हणून बायका मुद्दाम हळू फुंकत असतील तर? बाई चिडल्या नाहीत. त्यांनी मला सेठच्याच हातात दिलं. त्याची गादी कांडीच्या खोलीला लागूनच होती. चौथ्या शनिवारी सकाळी त्यानं बायकांसमोर छाती फुगवून फुंकर मारली आणि चारशे ऐंशीचा आकडा सगळ्यांना वाचून दाखवला. संध्याकाळी तीनशे नव्वद. त्यानं पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना तो लालबुंद झाला, कपाळाची शीर उठली, तरी काटा चारशेच्या पलीकडे जाईना. कांडीच्या खोलीत कुणी हसलं नाही, फक्त गुणाबाईनं पदर तोंडाशी नेला.

पुढच्या शुक्रवारी लूम बंद असताना गवंडी आला. पहिला हातोडा सेठनं स्वतः मारला.

बाईंनी सगळं लिहून परदेशातल्या एका मासिकाला पाठवलं. तिकडून पत्र आलं, की शनिवार ही चूक दिसते, सोमवार हवा ना? बाई ते पत्र वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांनी उत्तर लिहिलं, आमच्या गावाचा आठवडा शनिवारी उजाडतो. लेख छापून आला. शेवटी आभार एकाच व्यक्तीचे होते, गुणाबाई, कांडी खातं. बाईंनी ते तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पंखं लागलं तवाच पावलं समदं." पण तो कागद तिनं घडी घालून पिशवीत ठेवला.

त्यानंतरची वर्षं सुखाची होती. गुणाबाईचा श्वास पूर्ण परत आला नाही, पण आणखी गेला नाही. बाईंकडून ती आकडे लिहायला शिकली आणि दर शनिवारी वही तीच भरू लागली. मग हलक्या प्लास्टिकच्या फुंकण्या आल्या. त्यांच्यापुढे माझं वजन म्हणजे वरवंट्याचं. मला कपाटावर ठेवलं. माझ्यावर धूळ बसली, तीही रुईचीच. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण माझ्याहून वाईट घडत होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. मित्रांनो, रांगेत सर्वांत आधी फुंकायच्या त्या बाई. त्यांचा आकडा वहीत कधी लिहिलाच गेला नाही. पहिल्या वर्षी चारशे होता, नंतर साडेतीनशे, नंतर तीनशे. त्याच गल्लीतली हवा त्यांनीही चोवीस वर्षं घेतली होती. भावकीनं मुंबईला चला म्हणून किती आग्रह केला. बाई म्हणायच्या, एकदा सुटकेस भरली तेवढी पुरे.

१९९६ च्या डिसेंबरात त्या अंथरुणाला खिळल्या. एका शनिवारी गुणाबाई आली. तिनं कपाटावर हात घालून मला काढलं, पदरानं पुसलं, रिळाची नळी लावली आणि बाईंना उशीला टेकवून बसवलं.

"पोले पोले, बाय," ती म्हणाली.

बाईंनी श्वास घेतला आणि फुंकर मारली. माझं तोंड गुणाबाईकडे होतं. बाईंनी किती ते विचारलं.

"तीनशे," गुणाबाई म्हणाली.

बाई हसल्या. "गुणा, संशोधनात खोटं चालत नाही."

गुणाबाईनं खाली मान घातली. "एकशे वीस."

"लिही."

गुणाबाईनं वही उघडली. बाईंचं नाव बाईंनीच लिहिलं, पुढचा आकडा तिनं. साऱ्या वहीत डॉक्टर कुबरांच्या नावापुढे तेवढा एकच आकडा आहे. पुढचा शनिवार बाईंनी पाहिला नाही.

आता मी दापोड्याला गुणाबाईच्या फळीवर असते. बाजूच्या शेतांत गोदामं उभी राहिली आहेत. गावातले लोक मला पाहून विचारतात, की हे घड्याळ बंद कधी पडलं? गुणाबाई नुसती हसते. शनिवारी मात्र मला खाली घेते, सावकाश श्वास घेते आणि जोरात फुंकते. काटा अजून दोनशे चाळीसवर जातो. मग ती वहीत तो आकडा लिहिते, बाईंच्या आकड्याच्या खाली.

मित्रांनो, जुनी वस्तू पुसून ठेवा, तिला तेलपाणी करा, असं मी सांगणार नाही. केलंत तर उपकारच. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही खूप शिकाल, जाडजाड पुस्तकं वाचाल, तुमच्यातलं कुणी डॉक्टरही होईल. समोर धापा टाकणारं माणूस आलं, तर पुस्तक जरूर उघडा. पण त्याआधी त्याच्याजवळ बसा, आणि छाती कोणत्या दिवशी भरून येते, ते त्यालाच विचारा.